मंडईचा फोटो कुणाच्या घरी जातो?

दिवाळीच्या पणत्या विझल्या की इतरत्र सण संपतो. आमच्या झाडीपट्टीत खरी लगबग तेथून पुढे असते. भाऊबीज आटोपते न आटोपते तोच गावोगावच्या मंडईच्या तारखा कानावर येऊ लागतात. पुण्या-मुंबईकडील वाचकांना मंडई म्हटले की भाजीबाजार आठवेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो की भंडारा-गोंदियाकडे मंडई म्हणजे गावची जत्रा. तिकडे बालाघाट आणि छत्तीसगडात हिलाच मडई म्हणतात. आज या गावची, उद्या त्या गावची, परवा आणखी पुढच्या गावची, असा क्रम चालतो. जिलेबीवाला, बांगड्यावाली, फुगेवाला, पाळणेवाला हेही आपले बिऱ्हाड उचलून गावामागून गाव करीत जातात. दवनीवाड्याच्या आसपास राहणाऱ्या माणसाने मनावर घेतले तर एका आठवड्यात तीन-चार मंडई सहज पाहून होतात.

मंडईला कुणी केवळ खरेदीसाठी जात नाही. धान कापणीला आलेले असते, काहींचे कापून बांधीत पडलेले असते. हातात चार पैसे आलेले असतात किंवा येणार असतात. सासरच्या लेकी माहेरी येतात. सोयरेधायरे मुक्कामाला येतात. उपवर मुलामुलींची पाहणीही याच गर्दीत, कुणाला न सांगता होऊन जाते; कितीतरी सोयरिकींचा पहिला शब्द मंडईत निघालेला आहे. रात्री दंडार असते, खडी गंमत असते, नाही तर नाटक असते, आणि माणसे चादरी-घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत बसतात. आमच्या बौद्ध वस्तीतील घरेही या दिवसांत पाहुण्यांनी भरलेली असतात. मंडईला जावे की जाऊ नये यावर आमच्याकडे पूर्वी वाद झडत, अजूनही एखाद्या बैठकीत झडतो. आमचे मत विचाराल तर नवस, अंगात येणे, कोंबडे-बकरे कापणे याला आमचा ठाम विरोध आहे. पण लेकीबाळींनी एकमेकींना भेटावे, गोड खावे, पाळण्यात बसून किंचाळावे, याला विरोध करण्याचे कारण आम्हाला तरी अजून सापडलेले नाही. असो.

आजचा विषय मंडईच्या फोटोंचा आहे. हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, म्हणजे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा. गेल्या दिवाळीत वस्तीतील पाच-सहा मुले-मुली आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काकाजी, मंडईचे फोटो चांगले यावे तर काय करावं लागते?" आम्ही पेशाने कारकून. दिवसभर आकड्याला आकडा जुळवतो. पण फोटोचा नाद जुना आहे आणि वस्तीतील कार्यक्रमांचे फोटो काढण्याचे काम बरीच वर्षे आमच्याकडेच आहे. तेव्हा दोन रविवार समाजमंदिरात बसलो आणि ठाऊक होते ते सांगितले. त्या मुलांशी झालेले बोलणे वाचकांच्याही उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा प्रपंच.

पहिल्याच दिवशी आम्ही त्यांना एक प्रश्न विचारला. आपापल्या पणजीचा फोटो कुणाकुणाच्या घरात आहे? एकानेही हात वर केला नाही. आजीचा? दोन हात वर झाले, तेही आधारकार्डावरच्या फोटोच्या बळावर. आमच्या घरांच्या भिंतींवर तथागतांचा फोटो आहे, बाबासाहेबांचा आहे, माता रमाईचा आहे. तो मंडईतल्याच फ्रेमवाल्याकडून, मजुरीच्या पैशांतून, घासाघीस करून आणलेला आहे. ज्या बाईने तो आणला, डोक्यावर धरून पायी गावापर्यंत आणला, तिचा स्वतःचा फोटो मात्र कुठे नाही. फोटो ही पैसेवाल्यांची चीज होती. लग्नात एखादा निघायचा, नोकरीच्या अर्जासाठी निघायचा, नाही तर माणूस गेल्यावर शोधाशोध व्हायची आणि एखाद्या वरातीच्या फोटोतल्या मागच्या रांगेतून त्याचा अंगठ्याच्या नखाएवढा चेहरा मोठा करून घ्यावा लागायचा. तो इतका धुरकट यायचा की घरातल्यांनाच ओळख पटवून द्यावी लागे.

या गरिबांच्या घरात फोटो पोचवला तो बहुधा मंडईनेच. जुन्या वाचकांना मंडईतला फोटोवाला आठवत असेल. कनाती लावून केलेली खोली, मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर ताजमहाल नाही तर बागेतले कारंजे, पुढे पुठ्ठ्याची किंवा लाकडी मोटारसायकल. ज्याने आयुष्यात सायकलीला हात लावला नाही तो काळा चष्मा घालून त्या मोटारसायकलवर बसायचा. नवराबायको पहिल्यांदा एकमेकांच्या इतक्या जवळ, तेही परक्या माणसासमोर बसायचे, म्हणून दोघांचेही चेहरे कोर्टात उभे केल्यासारखे. या पडद्यांना आज शहरातील मंडळी हसतात. आम्हाला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. आपण कसे आहोत हे जगाने रोज सांगितलेच होते. आपण कसे दिसू इच्छितो हे सांगण्याची संधी त्या पडद्यापुढेच मिळत होती.

तेव्हा गावात कुणाकडे असलाच तर आग्फा क्लिक थ्री हा डबा कॅमेरा असे. तो बडोद्याला तयार होई. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. ऊन असेल तर या खुणेवर, ढग असतील तर त्या खुणेवर, एवढेच त्याचे यंत्रशास्त्र. काळीपांढरी फिल्म उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची, 'इंदू' नावाची मिळे. तो कारखाना आता बंद झाला. पुढे रंगीत रोल आले, छत्तीस फोटोंचे. बारा असोत की छत्तीस, प्रत्येक फोटोमागे पैसे मोजावे लागत, म्हणून बटण दाबण्याआधी माणूस विचार करी. आज पोरे एका पाळण्याचे दोनशे फोटो काढतात आणि महिनाभरात जागा भरली म्हणून पुसून टाकतात. फोटो काढला खूप जातो, राहत काहीच नाही. पणजीचा फोटो नव्हता तो कॅमेरा नव्हता म्हणून. आजच्या आजीचा फोटो उद्या सापडणार नाही, तो मोबाइल बदलला म्हणून.

आता रंगांकडे वळतो, कारण मंडईचा जीवच रंगात आहे. गुलाबी-हिरव्या रिबिनी, काचेच्या बांगड्यांच्या माळा, पिवळीधमक जिलेबी, उसाच्या मोळ्या, काळसर शिंगाड्यांचे ढीग, आणि या सगळ्यांवरून उडणारी धूळ. रघुवीर सिंह नावाचे मोठे छायाचित्रकार होऊन गेले. जयपूरचे, १९४२ साली जन्मले आणि १९९९ साली वारले. त्यांच्या काळात गंभीर फोटो म्हणजे काळापांढरा, अशी जाणत्यांची समजूत होती. त्यांनी ती मानली नाही. भारत रंगांतूनच पाहायचा असतो असे म्हणत त्यांनी जन्मभर रंगीत फोटो काढले. मंडईत अर्धा तास उभे राहिले तर त्यांचे म्हणणे कुणालाही पटेल.

पण रंग म्हणजे रिबिनीचाच रंग नव्हे. माणसाच्या अंगालाही रंग आहे, आणि आमच्याकडचा रंग उन्हात धान रोवून आणि कापून आलेला आहे. येथे आम्ही मुलांना एक गोष्ट सांगितली ती वाचकांनीही ऐकावी. रंगीत फिल्म धुऊन छापताना रंग बरोबर येतात की नाहीत हे तपासण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुन्याचे कार्ड पाठवीत असे. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असे. पहिल्या बाईचे नाव शर्ली, म्हणून पुढे बाई बदलली तरी कार्डाला 'शर्ली कार्ड' असेच म्हणत. तिचा गोरा रंग नीट आला की छपाई बरोबर, असा हिशेब. मग काळ्या-सावळ्या माणसांचे काय? त्यांचे चेहरे काळेठिक्कर, फक्त दात आणि डोळे तेवढे चमकणारे. शाळेच्या एकाच फोटोत गोरे मूल झकास आणि शेजारचे काळे मूल अंधारात, अशा तक्रारी अमेरिकेतील आयांनी केल्या. लोर्ना रॉथ या कॅनडातील अभ्यासक बाईंनी २००९ साली यावर लिहिले. कोडॅकच्या जुन्या माणसांनी त्यांना सांगितले की गडद तपकिरी रंग नीट यावा म्हणून कंपनीवर दबाव आला तो चॉकलेट बनवणाऱ्यांचा आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांचा. चॉकलेटचा रंग चुकतो हे चालले नाही, माणसाचा चुकतो ते बरीच वर्षे चालले! कार्डावर वेगवेगळ्या वर्णांची माणसे आली ती १९९० च्या दशकात. गूगल कंपनीने आपल्या पिक्सेल फोनमध्ये सावळे-काळे रंग खरे यावेत म्हणून मुद्दाम सुधारणा केल्याचे जाहीर केले ते २०२१ साली.

हे ऐकून मुले गप्प झाली. मग आम्ही त्यांचेच मोबाइल हातात घेतले. सहापैकी चार फोनांत 'ब्युटी' नावाची सोय चालू होती. फोटो काढला की फोन आपोआप चेहरा उजळ करतो, गाल गुळगुळीत करतो, सावळी मुलगी गोरी करून देतो. तिने मागितलेले नसताना! एका मुलीने ती सोय बंद करून स्वतःचा फोटो काढला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "काकाजी, मी तर बरी दिसतो." (आमच्याकडे मुलीही अशाच बोलतात, छापणाऱ्यांनी सुधारू नये.) मंडईला निघण्याआधी ती सोय बंद करावी. चेहऱ्यावर बोट टेकवले की बहुतेक फोन उजेड चेहऱ्याप्रमाणे मोजतात, मागचे पांढरे आभाळ थोडे जास्त पांढरे झाले तरी चालेल. आभाळ रोजच असते.

उजेडाचे म्हणाल तर दुपारी बारा ते तीन मंडईत फोटो काढू नयेत, जिलेबी खावी. ऊन डोक्यावर असते, फेट्याखाली आणि पदराखाली डोळ्यांच्या खोबणीत काळोख होतो. कार्तिकात दिवस लवकर कलतो. चार वाजल्यापासून सूर्य मावळेपर्यंतचा वेळ हा फोटोचा वेळ. ऊन तिरपे आणि पिवळसर असते, उडालेली धूळसुद्धा त्यात सोन्यासारखी दिसते. सूर्य पाठीशी ठेवावा असे जुने लोक सांगत, कारण डबा कॅमेऱ्याला ते लागे. पण मग समोरचा माणूस डोळे किलकिले करतो. सूर्य एका खांद्याच्या बाजूला असावा. बांगड्यावालीच्या दुकानावर कापड ताणलेले असते. त्या कापडातून गाळून आलेला उजेड फार मऊ असतो. बांगड्या भरून घेणाऱ्या हातांचा फोटो तेथेच घ्यावा. लेकरांचा फोटो घेताना त्यांच्या उंचीला खाली बसावे. वरून काढलेल्या फोटोत लेकरू नेहमी हरवल्यासारखे दिसते. लांबून बोटांनी ओढून चित्र मोठे करण्यापेक्षा दोन पावले पुढे जावे; जवळ गेल्याने चित्र साफ येते आणि माणसाशी बोलावेही लागते.

आकाशपाळण्याचा फोटो संध्याकाळी, दिवे लागल्यावर. येथे थोडी गंमत करता येते. ज्या फोनात शटर हाताने ठरवता येते त्यात ते सेकंदाचा पंधरावा भाग किंवा त्याहून हळू ठेवावे, फोन एखाद्या खांबाला घट्ट टेकवावा. पाळणा दिव्यांचे चाक होऊन येतो आणि खाली उभी असलेली माणसे जागच्या जागी साफ येतात. तेच शटर वेगात ठेवले तर पाळणा बंद पडल्यासारखा दिसतो आणि सगळा आनंद आटून जातो. रात्री दंडारीत मात्र फ्लॅश मारू नये. त्याचा उजेड चार हातांपलीकडे पोचत नाही, पुढच्या माणसाची पाठ तेवढी पांढरी होते. शिवाय नाचणाऱ्याच्या डोळ्यांवर तो बसतो. ते लोक रात्रभर नाचणार असतात, आपण घरी जाऊन झोपणार असतो.

दंडार आणि खडी गमतीत बाईचे काम पुष्कळदा पुरुषच करतो. लुगडे, गंगावन, कानात झुंबर, पायात घुंगरू. त्याचे फोटो सगळेच काढतात आणि खाली भलतेसलते लिहून पाठवतात. हाच माणूस सकाळी विळा घेऊन दुसऱ्याच्या बांधीत धान कापायला गेलेला असतो. आम्ही मुलांना सांगितले की सोंगाचा फोटो जरूर काढा, पण सोंग उतरवल्यावर त्याच्याशी बोला. त्याची इच्छा असेल तर तसाही एक काढा. त्याची लेकरे त्याला कोणत्या फोटोत बघणार, हे त्याला ठरवू द्या.

मंडईत सर्वांत जास्त फोटो निघतात ते गोवारी बांधवांच्या ढालीचे. ही लढाईतली ढाल नव्हे, तो सजवलेला उंच बांबू असतो. पिढ्यानपिढ्या गावाची गुरे राखत आलेला हा समाज दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन करतो, ढाल मिरवतो, वाजवीत-नाचत मंडईत येतो. रंग, उंची, ठेका सगळेच असल्याने फोटोवाल्यांची झुंबड उडते. तो फोटो कुठे छापून आला की खाली ओळ असते, 'पारंपरिक नृत्यात दंग झालेले गोवारी बांधव'. नाव नसते.

२३ नोव्हेंबर १९९४ हा दिवस आमच्या पिढीने विसरू नये. नागपुरात हिवाळी अधिवेशन चालू होते. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात म्हणून गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे गेला होता. अडवलेल्या मोर्चावर लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. त्यांत बायका आणि लेकरे अधिक होती. आम्ही तेव्हा शाळेत होतो. दिवस मंडईचेच होते. नागपुरात त्यांचे स्मारक आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीद हे नाव आहे. मागणीचे म्हणाल तर २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समाजाच्या बाजूने निकाल दिला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. ११४ हा आकडा विदर्भात सगळ्यांना पाठ आहे. त्या ११४ पैकी एक चेहरा डोळ्यांसमोर आणा म्हटले तर? ज्यांचे नाचतानाचे फोटो हौसेने काढले जात होते, त्यांची गोष्ट आहे ही.

म्हणून आमचा मुलांना आग्रह एवढाच होता की नाव विचारा. फोटो काढलात तर त्या माणसाचे नाव, गाव आणि तारीख वहीत उतरवून घ्या. हे ऐकून एक पोरगा म्हणाला, "हे तर ऑफिसचं काम झालं." झाले तर झाले! आम्ही हिशेबाच्या वहीत वाढलेली माणसे. एका खात्यातून काही निघाले तर दुसऱ्या खात्यात ते जमा झालेले दिसले पाहिजे, एवढे आम्हाला कॉलेजात शिकवले. मंडईतून फोटो घेतला, मग जमा कुठे झाला?

परवानगीचाही प्रश्न आहे. जत्रेच्या गर्दीचा फोटो काढायला कुणाला विचारावे लागत नाही, पण एखादीचा चेहरा हेरून तो काढणे वेगळे. मंडईत लग्नाच्या वयाच्या मुली नटूनथटून येतात. त्यांचा फोटो गुपचूप काढून पाच ठिकाणी पाठवला गेला की त्याचा त्रास फोटो काढणाऱ्याला होत नाही. त्या मुलीचे बाहेर जाणे, कधीकधी शिक्षणही, बंद होते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायमूर्ती पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, संविधानाच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्कातच तो आहे. बाबासाहेबांच्या संविधानाचे पुस्तक ज्या घरात आहे त्या घरातील मुलाने तरी हे कलम मोबाइल हातात घेताना आठवावे. विचारायला लाजू नये. "बाई, फोटो काढू का?" एवढे तीन-चार शब्द. काही जण नाही म्हणतात, तर नाही. बहुतेक हो म्हणतात आणि पदर सारखा करतात. पदर सारखा करून काढलेला फोटो बिघडतो असे शहरी जाणकार म्हणतील. आम्हाला तो पदर सारखा करतानाचा फोटोच जास्त आवडतो.

तर अशी तयारी करून मुले मंडईला गेली. आम्हीही मागे होतो. शिंगाडे विकणाऱ्या एका म्हातारीचा फोटो एका मुलीने विचारून काढला. म्हातारीने आधी पाटी पुढे सरकवली, कारण तिला वाटले शिंगाड्यांचा फोटो हवा आहे. मुलगी म्हणाली, "नाही आजी, तुमचा." तेव्हा ती म्हणाली, "माहा फोटू काढून काहाले नेतेस वं पोरी? मले भेटन का तो?" मुलीने आमच्याकडे पाहिले. आम्ही मान हलवली. मुलीने वहीत तिचे नाव आणि गाव लिहून घेतले.

दोन दिवसांत मिळून साडेचारशे फोटो झाले. मुलांनी बसून त्यांतले नव्वद निवडले. निवडताना भांडणे झाली. एकाला पाळण्याचे सगळेच हवे होते. एकीचे म्हणणे की हसरे चेहरेच घ्यावेत. आम्ही मध्ये पडलो ते एवढ्यासाठीच की निवडताना ज्याचे नाव वहीत आहे त्याचा निदान एक फोटो राहिला पाहिजे. मग गोंदियाला जाऊन पोस्टकार्डाएवढ्या प्रती छापून घेतल्या. खर्च वर्गणी काढून केला. महिला मंडळाने निम्मा उचलला आणि बदल्यात बायकांचे फोटो आधी लावायचे असे ठरवून घेतले. नव्वद प्रती समाजमंदिराच्या ओट्यावर सुतळी बांधून, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लटकवल्या. प्रत्येकीच्या मागे नाव, गाव, तारीख. ज्याचा फोटो त्याने काढून न्यावा.

पहिला तासभर कुणी हात लावेना. सगळे दुसऱ्यांचे फोटो बघत होते. मग एका शाळकरी पोराने पाळण्यातला स्वतःचा फोटो ओढून घेतला आणि पळाला, आणि सुतळी बघता बघता रिकामी होऊ लागली. एका गृहस्थांनी आपला फोटो परत आणून दिला. म्हणाले, यात मी म्हातारा दिसतो. त्यांच्या बायकोने तो आमच्या हातातून घेऊन पिशवीत टाकला. ढाल नाचवणारे तिघे जण शेजारच्या गावाहून सायकलींवर आले. त्यांच्यात एक फोटो होता, तिघांचाही चेहरा असलेला, तर तो कुणी न्यायचा यावर चर्चा झाली. मुलांनी आणखी दोन प्रती छापायचे कबूल केले आणि त्या पुढल्या आठवड्यात नेऊनही दिल्या. एका घरातल्या सुनेने सासूचा फोटो घेताना सांगितले, "आता फ्रेम मंडईतूनच आणतो." ती सासू शेजारीच उभी होती. म्हणाली, "हार नोको घालजो आत्ताच." सगळे हसले, तीही हसली.

शिंगाडेवाल्या आजीचा फोटो तिच्या गावी पोचवायला ती मुलगी वडिलांबरोबर गेली. आजीने तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि घरातल्या पेटीत कागदांच्या खाली ठेवून दिला. भिंतीवर का लावत नाही, असे विचारल्यावर म्हणाली की भिंतीला पावसाळ्यात ओल येते.

अकरा फोटो उरले. त्यांतले सहा फिरत्या दुकानदारांचे आहेत. फुगेवाला, पाळणा फिरवणारा पोऱ्या, गोंदणारी बाई, पिपाण्या विकणारा आणि जिलेबीवाल्याकडची भांडी घासणारी दोन लेकरे. त्यांनी नावे सांगितली, पण गाव सांगताना 'फिरत राहतो' एवढेच सांगितले. ते फोटो पाकिटात घालून, पाकिटावर नावे टाकून, आमच्या टेबलाच्या खणात ठेवलेले आहेत. यंदा भाऊबीज झाली की मुले ते घेऊन निघणार आहेत. पहिल्या मंडईत नाही भेटले तर दुसऱ्या मंडईत, तिसऱ्या मंडईत.